निबंधातली खाडाखोड

“तुझं शुद्धलेखन चांगलं हाय, एवढं बघून दे की,” म्हणत मायाक्कानं आपला निबंध सोनालीच्या कॉटवर ठेवला आणि ती युनिफॉर्मला इस्त्री करायला बसली.

सोलापुरातल्या एका नर्सिंग कॉलेजचं हॉस्टेल. शिष्यवृत्ती वर्गातून एकीलाच मिळणार होती. मार्क या दोघींचे सारखे, म्हणून सगळं आता निबंधावर आलेलं. विषय होता, ‘मला परिचारिका का व्हायचं आहे’. पाच वाजेपर्यंत मॅडमकडं द्यायचा. अशा वेळी आपला निबंध जिच्याशी स्पर्धा तिच्याच हातात देणाऱ्या पोरीला भोळी म्हणायचं की बावळट, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

सोनालीचा निबंध आठवडाभर आधीच तयार होता. रुग्णसेवा हीच ईश्वरसेवा, त्यागाची मूर्ती, अंधारातली ज्योत, तिनं काही म्हणून सोडलं नव्हतं. कुर्डुवाडीच्या शाळेत निबंधाचा पहिला नंबर तिनं कधी दुसरीला जाऊ दिला नव्हता. सांगोल्याकडची ही मेंढपाळाची पोरगी लिहून लिहून काय लिहिणार, अशा थाटात तिनं कागद उचलले.

मायाक्कानं काहीच सजवलं नव्हतं, घडलं तसं लिहिलं होतं. वॉर्डात आठ नंबरच्या खाटेवर अक्कलकोटकडची एक आजी होती. कानडीशिवाय बोलायची नाही. महिनाभर पडून तिच्या केसांचा गुंता झाला होता. सगळे म्हणाले, कापून टाका. आजी रडायला लागली. तेव्हा सोनालीनं खोबरेल तेल मागवलं आणि दोन दुपारी बसून एकेक बट सोडवली. शेवटी लिहिलं होतं, ‘वेणी झाल्यावर आजीनं आरसा मागितला. त्या दिवशी मला कळलं, मला सोनालीसारखी नर्स व्हायचं आहे.’

सोनालीच्या अंगाचा तिळपापड झाला. कौतुकानं कुणाचा होतो का? पण झाला. बोटं दुखली माझी, आणि निबंध हिचा! सोनाली तर ते सगळं विसरूनही गेली होती. मॅडमनी हे वाचल्यावर आपल्या ज्योतीबितीला कुणी विचारणार नाही, हे तिला पक्कं कळलं.

“ते आजीचं सगळं काढ,” ती म्हणाली. “निबंधात मैत्रिणीचं नाव घालत नसतात. मार्क कापतील.”

“काढू? मला तर तेच लई आवडलं हुतं.”

“मला विचारलंस ना? मग काढ.”

साडेचार वाजून गेले होते, पुन्हा लिहून काढायला वेळ नव्हता. मायाक्कानं इस्त्री बाजूला ठेवली, पट्टी घेतली आणि ओळीओळीवर एकेक सरळ रेघ ओढत गेली.

“अगं, असं काय खोडतीस? सगळं वाचता येतंय की!”

“मग? पेशंटच्या कागदावर आपण असंच करतो की. गिचमिड करायची न्हाय, एकच रेघ. खालचं दिसलं पायजे.” मायाक्कानं समासात बोट ठेवलं आणि पेन सोनालीपुढं धरलं. “आन् हितं सही लागती. चूक तुला दिसली, मला न्हाय. तवा तू कर.”