स्वस्तातला घुमारा

“हे नको. विहिरीत बसून वाजवल्यासारखं येतंय,” रघु म्हणाला.

फ्लेव्हियन अंकलनी गिटारचा आवाज घुमवायचं तिसरं पेडल काढून चौथं जोडलं. ठाण्यातल्या त्यांच्या चिंचोळ्या दुकानात दोनच माणसं उभी राहू शकत, म्हणून रघुची बायको कल्पिता दारातच थांबून रंगाचं शेडकार्ड चाळत होती.

रघुने गिटारची तार छेडली.

“हे बाथरूम.”

“अरे, तुझ्या बजेटमध्ये बाथरूमच येणार. चर्च पायजे तर खिसा मोठा कर. तुला नेमकं काय पायजे?”

रघुने दाराकडे चोरून पाहिलं आणि आवाज उतरवला. डोंबिवलीत एका लग्नाच्या ऑर्केस्ट्रात तो वाजवायला गेलेला. वऱ्हाड गेलं, खुर्च्या एकात एक गेल्या, गालिचे गुंडाळले, तरी नवरीची एक मैत्रीण बसून राहिली. तिच्यासाठी त्याने त्या रिकाम्या हॉलमध्ये एक धून वाजवली. तो घुमारा त्याला घरात हवा होता. येत्या वीस तारखेला त्या मैत्रिणीशी लग्न होऊन बारा वर्षं होणार होती, आणि हल्ली त्याने गिटार उचलली की ती उठून स्वयंपाकघरात जायची.

“तसाच आवाज आला तर बसेल समोर,” रघु म्हणाला.

अंकलनी डोकं खाजवलं. “घरात सामान किती?”

“वर्तकनगरला वन रूम किचन. पाय ठेवायला जागा नाही.”

“मग झालं. गाद्या, पडदे, कपाटं, सगळे आवाज गिळून बसतात. हे पेडल म्हंजे काय, खोटा रिकामेपणा.”

“आणि सामानच नसलं तर?” कल्पिताने दारातून विचारलं.

“तर माझा धंदा बसला, ताई. फुकटात घुमेल.”

कल्पिता हसली. किती दिवसांनी हसली, म्हणून रघुला बरं वाटलं.

“रघु, भिंतींना हा पिस्ता कसा दिसेल?”

“तू ठरव. अंकल, ते वरचं दाखवा.”

त्या दिवशी काहीच घेतलं नाही. चार दिवसांनी कल्पिताच एक छोटं निळं पेडल घेऊन आली. ती आपल्यासाठी एकटी दुकानात गेली, एवढ्यावरच रघु विरघळला.

“दिवा लागत नाही गं याचा?”

“दिव्याचं महाग होतं. पायाने बटण दाबू नको, बिघडेल. सगळं सेट करून आणलंय. नुसता नॉब फिरव.”

रघुने नॉब फिरवून वाजवलं. फरक काही कळला नाही. पण स्वस्तातली वस्तू मुरायला वेळ घेते, असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं.

आणि खोटं वाटेल, पण पेडल मुरत गेलं.

कल्पिताने रंगकामासाठी सामान हलवायला घेतलं होतं. हलवायला दुसरी खोली नव्हती, म्हणून सगळं शहाडला, तिच्या बहिणीकडे, योगिनीकडे चाललं होतं. पडदे गेले त्या आठवड्यात वरचे सूर मोकळे झाले. गाद्या गेल्या त्या संध्याकाळी जाड तार छातीत वाजली. कपाट निघालं तेव्हा रघुने नॉब केसभर फिरवला आणि सूर भिंतीपर्यंत जाऊन परत आला.

“नॉब दोनवर ठेवायचा, कल्पे. आत्ता कळलं मला.”

“हं,” कल्पिता म्हणाली. कपाटाचं एक टोक हमालाने धरलं होतं, दुसरं तिने. “रघु, ऐकतोयस का? वीस तारखेला, रविवारी, शेवटचा टेम्पो.”

“थांब, एवढा सूर संपू दे.”

सूर संपायला आता बराच वेळ लागत होता.

रविवारी खोलीत गिटार, अ‍ॅम्प्लिफायर, एक चटई आणि रघुच्या कपड्यांची बॅग उरली. तो चहा ठेवायला गेला तर ओट्यावर कपही एकच.

“दुसरा कुठाय?”

“गेला सामानात. तूच घे.”

तो कप घेऊन बाहेर आला, तर कल्पिता जमिनीवर बसून पेडल ओढणीने पुसत होती. अगदी तळापर्यंत पुसत होती.

“वाजव आता,” ती म्हणाली, आणि चटईवर बसली.

खाली टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. ती उठली नाही. रघुने तीच धून घेतली. खुर्च्या नाहीत, गालिचे नाहीत, सूर भिंतीभिंतीला शिवून येत होते. दुसरा हॉर्न झाला, तिसरा झाला. धून संपून शेवटचा सूर विरेपर्यंत ती बसून राहिली. तिचे डोळे भरले होते.

“अगदी तोच आवाज,” ती म्हणाली.

“बघ. आला की नाही?”

“आला.” ती उठली. “ड्रायव्हरशेजारी एकच जागा आहे. मी निघते.”

“रंगारी उद्या किती वाजता?”

तिने जाताना दार ओढून घेतलं. लॅचचा खटकासुद्धा काय सुरेख घुमला.

रघुने आनंदाने अंकलना फोन लावला. “अंकल, कमाल पेडल दिलंत. आणि तेही बिनदिव्याचं.”

“बिनदिव्याचं? माझ्याकडे तसलं नाय बाबा. बॅटरी कुठली घातलीस?”

“आतच आहे ना?”

“ताई बॅटरी नको म्हणाल्या. बॅटरीशिवाय ते नुसता डबा, रे. गिटार ह्या बाजूने आत, त्या बाजूने बाहेर. खालचं झाकण उघडून बघ.”

रघुने फोन चटईवर ठेवला. पेडल उलटं केलं, बॅगेतून नाणं काढलं आणि झाकणाचा स्क्रू फिरवला.

बॅटरीच्या जागेत कल्पिताची लॅचची किल्ली होती.