शेंडेफळाची वायर

पाचवा दिवा पुन्हा विझला.

कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीवर पत्त्यांच्या कॅटाएवढे पाच संगणक एकावर एक रचलेले होते. पाच जणांनी मिळून एकच गणित सोडवायचं आणि आज सहापर्यंत उत्तर ऑफिसला जायचं. पण पाचवा, ज्याला ती शेंडेफळ म्हणायची, चार दिवस मधूनच ह्या साखळीतून गळत होता. त्याच्यापायी बाकीचे चौघे हातावर हात ठेवून बसत.

तिने त्याला बंद करून चालू केलं. मग त्याला बाकीच्यांशी जोडणाऱ्या वायरीला हात लावला, तर प्लग नुसता निघूनच आला. टक् झालंच नाही. प्लग घट्ट धरणारी प्लास्टिकची इवलीशी जिभली बुडापासून तुटली होती.

"आई, तुम्ही इथे पुसायला घेतलं होतं का?"

रोज नातवाला सांभाळायला येणाऱ्या सासूबाई त्याला कडेवर घेऊन खिडकीशी उभ्या होत्या. "मी कशाला हात लावू तुझ्या त्या जंजाळाला?"

उत्तर जरा जास्तच लगेच आलं. आणि त्या बाहेरच बघत राहिल्या.

कोणी तोडली ते राहू दे, तुकडा कुठे गेला? फळी रांगणाऱ्याच्या उंचीची, आणि पिल्लूला नुकतेच दोन दात आलेले. तिने चटई झटकली, कपाटाखाली हात फिरवला. पिल्लूच्या तोंडात बोट घातलं. तो कडकडून चावला आणि खुदकन हसला.

"आई, खरं सांगा. ह्याने काही गिळलंय का? डॉक्टरांकडे जायचं तर आत्ताच जाऊ."

सासूबाईंनी त्याला तिच्याकडे दिलं. पर्समधून चष्म्याचं घर काढलं. आत, फडक्याच्या घडीत, नखाएवढा पारदर्शक तुकडा होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला.

"सोमवारी. मी येऊन चपला काढतेय, तर हा काहीतरी चघळत होता. बोट घालून काढलं."

"आणि चार दिवस मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर पाळणाघर शोधायला लागली असतीस."

मनातल्या मनात तिने शोधायला सुरुवात केलीच होती.

तिने खणातून नवी वायर काढून बसवली. टक्. पाचवा दिवा लागला. पुरावा हाताशी असावा म्हणून तिने पडद्यावर शेंडेफळाच्या गळतीच्या नोंदी वर सरकवल्या. आजच्या, कालच्या, मंगळवारच्या, सोमवारच्या. त्याच्याही वर एक होती.

तिचा हात थांबला.

सासूबाई दाराशी चपला घालत होत्या. "उद्या येऊ ना गं मी?"

"आई, इकडे या. ही पहिली नोंद वाचा."

त्यांनी चष्मा लावला. तारीख वाचली, पावणेतीनची वेळ वाचली. बोटांवर वार मोजला आणि मधेच थांबल्या.

"रविवारी तर मी…"

"रविवारी तुम्ही नसता. मी इथेच खाली बसून काम करत होते. हा मांडीवर होता."

सासूबाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. चष्मा उतरवला.

"मला काय कळतंय त्यातलं," त्या म्हणाल्या. टेबलावरचा तुकडा उचलून त्यांनी परत फडक्यात गुंडाळला, आणि चष्म्याचं घर मिटलं. टक्.