परातीतलं कासव

लग्नाला आठवडा झाला तरी बायकोची आठ वर्षांची मुलगी मी घरात असताना खोलीबाहेर येईना, म्हणून कासव विकत आणलं. तेही आल्याआल्या कवचात शिरलं. दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे परातीत कोमट पाणी घेऊन त्याला बसवलं, टूथब्रशने पाठ घासली, मिनिटामिनिटाला पाण्यात बोट बुडवून पाहिलं. वीस वर्षं परीक्षेला पर्यवेक्षक असल्याने नजर हटवणं मला जमत नाही. "अहो, जरा दम धरा," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "सकाळपासून तेच करतोय," म्हणत मी कवचावर टिचकी मारली. खोलीचं दार किलकिलं झालं. "काका, असं टक लावून बसलात तर कोण बाहेर येईल?" मी मुकाट्याने भिंतीकडे तोंड केलं आणि तिथल्या खिळ्यावर लक्ष ठेवलं. मागे पाणी डुचमळलं, अनवाणी पावलं वाजली. "वळू नका हं, काका. आत्ता कुठे डोकं बाहेर काढलंय."