एक रेकॉर्ड पुरेल

"पुन्हा लावा. मी पलीकडे जाऊन येतो," बळवंतराव म्हणाले.

दशरथने सुई पुन्हा पहिल्या गाण्यावर ठेवली. घाटकोपरच्या त्याच्या रेकॉर्डी-स्पीकरच्या दुकानात गिऱ्हाईक स्पीकरसमोर खुर्ची टाकून, डोळे मिटून ऐकतं. हे गिऱ्हाईक मात्र सलग तिसऱ्या शनिवारी शेजारच्या टेलरच्या दुकानात शिरलं आणि मधल्या भिंतीला कान लावून उभं राहिलं. टेलरने आता काही विचारणंही सोडलं होतं.

बळवंतराव परत आले तेव्हा दशरथने विचारलं, "शेजाऱ्यांची कटकट आहे का?"

"आहेत एक पलीकडे. भिंत ठोकतात."

"मग छोटे स्पीकर घ्या ना. आवाज घरातल्या घरात राहील. आणि माझा सल्ला ऐका, पन्नास हजार आहेत ना? अर्धे यंत्राला, अर्धे गाण्यांना. लोक लाखाचे स्पीकर घेतात नि चारच रेकॉर्डी उगाळत बसतात. तुमच्याकडे किती आहेत?"

"एक," बळवंतराव म्हणाले.

दशरथने हसू कसंबसं दाबलं.

ते पन्नास हजार निवृत्तीच्या पैशांतले होते. निशाताईंनी स्वतः नवऱ्याच्या हातात ठेवले होते. "जन्मभर आमच्या मनाचं केलंत, आता एकदा स्वतःच्या मनाचं करा. पुन्हा मात्र मागायचे नाहीत." म्हणजे संधी एकच होती, आणि एकसष्टाव्या वर्षी बळवंतरावांना ती चुकवायची नव्हती.

मुलुंडच्या त्यांच्या घरात नानांची, म्हणजे त्यांच्या वडिलांची, सागवानी पेटीतली रेकॉर्ड वाजवायची मशीन होती. हॉलमध्ये फरशीवरची फुलं एका भिंतीपाशी अर्धीच कापली गेली होती. त्याच भिंतीला ती मशीन टेकलेली असे. पेटीखाली नानांनी सुताराकडून शंभरेक रेकॉर्डींचा कप्पा करून घेतला होता. निशाताई त्यात कांदे-बटाटे ठेवत.

रेकॉर्ड एकच, भीमगीतांची. बळवंतराव दर रविवारी सकाळी ती लावत. मशीनचा आवाज पार बसला होता, गाणं डासासारखं गुणगुणायचं. तिसऱ्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात सुई अडकायची, तीच अर्धी ओळ पुन्हा पुन्हा यायची. मग भिंतीवर पलीकडून एक दणका बसायचा आणि हादऱ्याने सुई पुढे सरकायची.

"आला दणका," निशाताई म्हणत. "अकरा वर्षं झाली. तोंडाने बोलायचं नाही, भिंतीशी बोलायचं."

जिन्यात बळवंतराव आणि पलीकडचे ते समोरासमोर आले तरी दोघेही मान खाली घालून जात.

चौथ्या शनिवारी त्यांनी खरेदी केली. एक अ‍ॅम्प्लिफायर, जुन्या मशीनला नवी सुई आणि कमरेपर्यंत येणारे दोन स्पीकर. पन्नासच्या पन्नास संपले. दशरथला राहवलं नाही. त्याने गठ्ठ्यातून एक जुनी रेकॉर्ड काढून फुकट देऊ केली. बळवंतरावांनी ती दोन्ही हातांनी घेतली, उलटून-पालटून पाहिली आणि परत केली.

"असू दे. एक पुरेल."

"रागावू नका काका," दशरथ म्हणाला, "पण तुम्हाला गाण्याचा शौकच नाही."

हे त्यांना लागलं. लहानपणी त्या मशीनशेजारी गाणी ऐकता ऐकताच ते झोपी जायचे. पण ते खोकी रिक्षात चढवू लागले.

रविवारी सकाळी सगळ्या वायरी जोडून झाल्यावर निशाताईंनी विचारलं, "आणि रेकॉर्डी?"

"नाही आणल्या."

निशाताई मटकन खाली बसल्या. "म्हणजे चांदीचं ताट आणलंत आणि भात शिजवलाच नाही."

बळवंतरावांनी कप्प्यातले कांदे-बटाटे टोपलीत काढले. कप्पा आधी ओल्या, मग कोरड्या फडक्याने पुसला.

"आता काय ठेवणार त्यात? ती एक रेकॉर्ड?"

"बघू."

मग त्यांनी दोन्ही स्पीकर फिरवले आणि त्यांची तोंडं भिंतीकडे केली. आता मात्र निशाताई घाबरल्या. "अहो, भांडण उकरून काढताय का? सोसायटीत तक्रार गेली तर ही मशीन भंगारात जाईल, सांगून ठेवते."

"जाऊ दे," ते म्हणाले आणि त्यांनी सुई ठेवली.

गाणं सुरू झालं. ढोलकी घुमली, गायकाचा श्वास ऐकू आला, मागच्या कोरसमधला एकेक गळा वेगळा कळू लागला. निशाताई उठून जवळ आल्या. "इतकी माणसं होती या गाण्यात?"

पहिलं संपलं, दुसरं संपलं. तिसऱ्याच्या दुसऱ्या कडव्यात सुई अडकली. अर्धी ओळ फिरून फिरून येऊ लागली. दोघांनी भिंतीकडे पाहिलं.

दणका आला नाही.

पाच वेळा ओळ फिरली, दहा वेळा फिरली. बळवंतरावांचा चेहरा उतरत गेला.

"उचला हो ती सुई," निशाताई हळूच म्हणाल्या.

"थांब जरा."

आणखी किती वेळा ओळ फिरली कोण जाणे. मग दारावरची बेल वाजली.

निशाताईंनी दार उघडलं आणि त्या बाजूला झाल्या. पलीकडचा कुंडलिक उभा होता. बनियन घामाने भिजलेलं, खांद्यावर एक भलं मोठं खोकं, पायाशी आणखी दोन. त्याने उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, आत येऊन खोकं फरशीवर टेकवलं आणि सरळ मशीनपाशी जाऊन तिच्या कुशीत तळव्याने एक दणका दिला. सुई पुढे सरकली.

"वाटणीत मशीन तुझ्याकडे आली नि तिच्यावरची एक सोडून सगळ्या रेकॉर्डी माझ्याकडे," तो म्हणाला. "सरक दादा, कप्पा मी लावतो. नानांचा क्रम तुझ्या कधी लक्षात राहिला नाही."