एका घराला एक पेटी

"सिर्फ सौ पेटी," राजनने मोबाइलवरची जाहिरात मोठ्याने वाचली. "प्रीमियम बीफ स्टेक. एक घर को एक. मियां-बीवी दोनों कार्ड लेके खुद आनेका."

शेवटची ओळ त्याने मुद्दाम दोनदा वाचली. "बॅचलर नॉट अलाउड."

आखातात बॅचलर असण्याचा वयाशी संबंध नसतो. ज्याच्या व्हिसावर बायको नाही तो बॅचलर, मग त्याच्या डोक्यावर एक काळा केस शिल्लक का नसेना. दत्ताराम सावंत, वय एकोणपन्नास, एसी मेकॅनिक, मूळ कुडाळचा, या नियमाने गेली नऊ वर्षं बॅचलर होता. मॉलच्या 'फॅमिली डे'ला रखवालदार त्याला अदबीने परत पाठवायचा. हॉटेलातली फॅमिली रूम त्याने आतून पाहिली होती ती एसी दुरुस्त करताना.

"मैं लाता है पेटी," दत्ताराम म्हणाला.

"तू तो खाता नहीं."

"तू खा. मेरे को पेटी पे नाम मंगता. सावंत फॅमिली."

बहारीनच्या झिंज भागातल्या दत्तारामच्या खोलीत राजन चारच महिन्यांपूर्वी राहायला आला होता, पण सल्ला द्यायला तेवढे पुरतात. "नाम ठीक है. बीवी किधर से लाएगा?"

"जुफैर से."

बार आणि नाइट क्लबांसाठी बदनाम असलेल्या जुफैरचं नाव ऐकून राजनने लांब शीळ घातली. दत्ताराम शर्टाला इस्त्री फिरवत राहिला.

जुफैरला सुनंदा एका डॉक्टरीणबाईंची जुळी मुलं सांभाळायची. राहणं तिथेच. बाई चांगल्या होत्या, फक्त एका गोष्टीवर ठाम: कामवालीला भेटायला कुणी पुरुष येता कामा नये. मागची कामवाली त्यापायीच गेली होती. शुक्रवारी तीन तास सुट्टी असे. त्या शुक्रवारी 'गावच्या भावाकडे जाते' असं सांगून सुनंदा निघाली आणि सीफच्या मॉलसमोर दत्तारामपासून दोन हातांवर येऊन उभी राहिली. ठेवणीतली साडी, केसांत अबोलीचा गजरा.

"आज भाऊ म्हणा नको," दत्तारामने बजावलं.

"सवय झाली माका."

"तासभर मोड."

"नि कोण वळखीचां दिसलां तर?"

"मग भाऊ."

ती हसली नाही. कुणी जाऊन बाईंच्या कानावर घातलं असतं तर नोकरी गेली असती. तरी ती आली होती, आणि याची जाण दत्तारामला होती. तिच्यापुढे दार उघडून धरताना त्याने छाती जरा जास्तच पुढे काढली.

काउंटरवर अस्मा नावाची बहारीनी मुलगी होती. तिने दोन्ही कार्डं शेजारी-शेजारी ठेवली. "ये झिंज. ये जुफैर. अलग-अलग पत्ता?"

"काम से उधर रहती," दत्ताराम म्हणाला. "घर एक ही है."

अस्माने कार्डावरून नजर उचलली. मागे रांगेत कुणीतरी घसा खाकरला. "शादी को कितना साल?"

"बावीस," दत्ताराम म्हणाला.

"एकवीस," सुनंदा म्हणाली.

दत्तारामच्या कपाळावर घाम आला, आणि मॉलचा एसी उत्तम होता हे तो शपथेवर सांगू शकला असता.

"बावीस गो. साखरपुड्यापासून मोज."

"साखरपुडो म्हणजे लगीन न्हय," सुनंदाचा आवाज चढला. "आणि तारीख तुमका कधी आठवली, ता आज आठवतली? शर्टाचां बटाण बघा आधी. वरचां खाली लावून इलास."

त्याने खाली पाहिलं. खरंच होतं. तो मुकाट्याने बटणं सोडवू लागला.

अस्मा हसत सुटली. "खलास. मेरा अम्मी-बाबा भी ऐसा ही." तिने मार्करने पेटीवर ठळक इंग्रजी अक्षरांत लिहिलं: सावंत फॅमिली. खाली तेच अरबीत.

दत्तारामने पेटी शाळेतली ढाल धरावी तशी छातीशी धरली, अक्षरं बाहेरच्या बाजूला. मॉलचा मधला रस्ता सोडून तो मुद्दाम लांबच्या वाटेने निघाला. जो रखवालदार त्याला नेहमी परत पाठवायचा, त्याच्यासमोरून तो दोनदा गेला. सुनंदाही आता दोन हातांवर नव्हती.

"बरां सांभाळलंस," बसथांब्यावर तो म्हणाला.

"भाऊ म्हणाक नाय, इतकांच केलंय." तिने पदराने पेटीवरचं बर्फाचं पाणी पुसलं. "पाच वाजता पोचाक होया. उभे ऱ्हवा हयसर. फोटो काढूया."

तिने हात लांब करून दोघांचा फोटो काढला. मध्ये पेटी, अक्षरं स्पष्ट.

बस वळणावर दिसली. सुनंदाने फोन पर्समध्ये टाकला नाही, त्याच्या हातात दिला.

"तुमीच पाठवा आमच्या सावनीक," ती म्हणाली. "लिवा, आई-बाबा नऊ वर्सांनी एका पत्त्यावर इले."