जाळीतली ऊब

टूसॉनच्या वाळवंटात हीटर लागतो तो जेमतेम महिनाभर. म्हणून मेकॅनिक युसेबिओ म्हणाला, "मावशी, दुरुस्तीला आठशे डॉलर. चार दिवसांच्या थंडीसाठी कशाला?"

"अरे बाबा, देवाने आठ दिवसांचा नातू पदरात घातलाय. त्याला गारठ्यात ठेवू?" रोसाल्वाबाई म्हणाल्या. "आणि हीटर चालतोय रे. मध्येच थांबतो, एवढंच."

"चालतोय? उन्हाळ्यात कूलर बसवताना तुम्हीच हीटरची गॅसची नळी काढायला लावलीत. ती अजून जोडलेलीच नाही!"

त्याने पाळण्याच्या वर भिंतीत असलेल्या, हीटरची हवा सोडणाऱ्या जाळीला हात लावला. हवा कोमट होती, आणि ओलसर. यायची, थांबायची, पुन्हा यायची.

मग ती आत ओढली जाऊ लागली. रडतं बाळ गप्प झालं, आणि त्याचं जावळ अलगद जाळीकडे उभं राहिलं.