निळा ड्रेस अजून बसतो

इस्त्री करायच्या आधी तिनं निळा ड्रेस एकदा घालून पाहिला. बरोबर बसला. ना कुठे ओढला, ना कुठे फुगला. तिनं सुटकेचा निःश्वास सोडला, ड्रेस काढला, उलटा केला आणि टेबलावर पसरला. गडद कापडाला उलट्या बाजूनंच इस्त्री करायची असते, नाहीतर चकाकी येते. शिंप्याची बायको होती ती, एवढं तिला कळत होतं.

उद्या पोटाच्या ऑपरेशनला वर्ष होणार होतं. डॉक्टरांकडे तपासणी होती. मधल्या दोन तपासण्या तिनं बुडवल्या होत्या, पण आता भीती नव्हती. ड्रेस बसत होता.

ऑपरेशनच्या आधी काट्यावर एकशे सोळा किलो दिसले तेव्हा ती डॉक्टरांशीच भांडली होती. "काटा बिघडलाय तुमचा. हा ड्रेस लग्नानंतर शिवलेला आहे. नऊ वर्षं झाली, अजून बसतो." डॉक्टर हसले होते. काटा बिघडलेला नव्हता. साखर, रक्तदाब, गुडघे, सगळ्यांनी एकदम डोकं वर काढलं होतं. एवढ्या जाड आपण झालो कधी, हे मात्र तिला कोडंच राहिलं. आरशात माणूस रोज कालच्यासारखंच दिसतं, आणि तिच्या कपड्यांनी कधी तक्रार केली नव्हती.

मग वजन उतरवण्यासाठी पोटाच्या पिशवीचा मोठा भाग कापून टाकला. पुढचे कित्येक महिने ती जे खात होती त्याला जेवण म्हणायला जीभ रेटत नाही. तान्ह्या बाळाची वाटी. चार चमचे सूप, अर्धं अंडं. प्रत्येक घास तीस वेळा चावायचा. घासाबरोबर पाणी नाही. एक घास जास्त झाला की बाथरूमकडे पळायचं. केस मुठीमुठीनं गळले. नणंद म्हणाली, "वहिनी, वारा सुटला की खिशात दगड ठेवत जा." ती हसली आणि आत जाऊन रडली.

पण चाळीस किलो गेले. नवरा तिचे कपडे एकामागून एक घट्ट करून देत होता. गिऱ्हाईकं त्याला मास्तर म्हणत आणि ऐकून ऐकून तीही मास्तरच म्हणे. निळा ड्रेस त्यानं तीनदा आत घेतला. तिसऱ्या वेळी ती दुकानातल्या आरशासमोर गोल फिरली होती, गिऱ्हाईकांदेखत.

आहारतज्ज्ञ बाईंनी बजावलं होतं, "घरात काटा आणू नका. रोज चढाल आणि रोज रडाल. कपड्यांवर लक्ष ठेवा. कपडे खोटं बोलत नाहीत." डॉक्टर त्याहून कडक. "उरलेलं पोट ताणलंत तर दुसऱ्यांदा कापायला मी उभा राहणार नाही."

ऑपरेशननंतर आठव्या महिन्यात बिस्किटं सुरू झाली. चहात बुडवलेलं बिस्कीट विरघळतं, पोट त्याला अडवत नाही. एकाची दोन झाली, दोनांची पाच. मग आइस्क्रीम. दर वेळी मनाला टोचायचं, आणि दर वेळी ती कपाट उघडून निळा ड्रेस घालून पाहायची. बसायचा. की आणखी एक बिस्कीट. तपासणीची तारीख आली की मास्तर म्हणायचा, "कपडे तर बसतायत. कशाला खेपा घालतेस?"

इस्त्री काखेखाली आली आणि थांबली.

शिवणीला लागून बारीक भोकांची एक ओळ होती. उसवलेल्या टिपेची. दोरा निघतो, भोकं राहतात. ड्रेस आत घेतला होता, म्हणजे जुन्या टिपा शिवणीपलीकडे, आत सोडलेल्या जास्तीच्या कापडात, मायेत असायला हव्या होत्या. ही ओळ अलीकडे होती, अंगाच्या बाजूला. ड्रेस आजच्याहून घट्ट होता आणि नंतर तो सैल केला गेला होता.

तिनं इस्त्री उभी केली. चष्मा लावला. अलीकडे अशा दोन ओळी होत्या. मग तिनं शिवणीपलीकडचं कापड उलगडलं. तीनदा आत घेतला तर तिथे तीन ओळी हव्यात. तिनं मोजल्या. आठ होत्या. म्हणजे पाच ऑपरेशनच्याही आधीच्या. आणि त्यांच्याही पुढे त्याच निळ्या कापडाची पट्टी जोडलेली होती, इतकी सफाईदार की दहा वर्षांत ती तिच्या नजरेला आली नव्हती.

ड्रेस तसाच उलटा घेऊन ती घराच्या पुढच्या खोलीतल्या दुकानात गेली. मास्तर मशीनवर वाकला होता.

"मास्तर, हे केव्हापासून चाललंय?"

त्यानं भोकं पाहिली आणि पायडलवरचा पाय थांबवला.

"लग्नानंतर दुसऱ्या वर्षापासून," तो म्हणाला. "एक ड्रेस तुझ्या दंडात अडकला होता. दिवसभर रडत बसलीस. मला बघवेना. मग होतील तसे सैल करत गेलो."

"आणि आता?"

"आता दोनदाच. दीड बोट असेल. तू इतकी खूश होतीस गं."

तिला संताप आला. तीस-तीस वेळा चावलेले घास आठवले, गळलेले केस आठवले. ओरडावंसं वाटलं, पण ओरडायचं कुणावर? समोरच्या माणसाचा तिच्यावर जीव होता, त्यात काही खोट नव्हती.

मास्तर उठला. तिच्या हातातला ड्रेस त्यानं अलगद घेतला, शिवण उलगडली, आतलं कापड बोटांनी मापलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

"उगाच घाबरतेस. मी काहीच कापून टाकलेलं नाही. अजून चार बोटं कापड आहे आत."